मुखवट्यातली उडी

कॉमिकमधल्या सुपरहिरोच्या सिनेमाचा सेट आमच्या कर्जतजवळ लागला, तेव्हा हिरोच्या जागी मुखवटा घालून सगळ्या उड्या माझ्या धाकट्या भावाने मारल्या. शेवटच्या उडीआधी नारळ फोडायला कोणी विसरलं नाही. खाली गाद्या टाकायला मात्र विसरले. त्याचा कणा मोडला.

मेल्यांनी तो पडल्याचा शॉट सिनेमात ठेवला आणि खोपोलीच्या थेटरात लोकांनी शिट्ट्या मारल्या. पुढे त्यावर निघालेल्या टीव्हीच्या मालिकेतही तोच शॉट दाखवला.

आता मोबाइलवर त्या सिनेमाचा गेम आलाय. खाटेवर पडल्या पडल्या भाऊ त्या सुपरहिरोला पुन्हा पुन्हा गच्चीवरून खाली टाकतो.

मी चिडून म्हटलं, "पुरे कर रं आता!"

"थांब गं," तो म्हणाला. "त्यो उठतो कसा, ते बगू दे."