गिरणीवरचा कागद

बद्रीनाथला कुणी आमदारांचा पीए म्हटलं की त्याच्या कपाळावर आठ्या पडत. पीए म्हणजे पांढरे बूट, दोन फोन आणि तिसऱ्याच्या गाडीत पुढची सीट. बद्रीनाथकडे एकच फोन, तोही मुलीने वापरून टाकलेला. मूळचा तो अंबडच्या कोर्टासमोर झाडाखाली टाइपरायटर घेऊन बसणारा माणूस. अठरा वर्षांपूर्वी शाळामास्तरीण असलेल्या दैवशालाताई पहिल्यांदा आमदार झाल्या आणि त्याला म्हणाल्या, "बद्रीभाऊ, मी मुंबईत काय करते ते माझ्या लोकांना मीच सांगणार. तुम्ही फक्त नीट लिहून द्या." त्या 'फक्त'मध्ये बद्रीनाथचं उरलेलं आयुष्य गेलं.

दर अधिवेशन संपलं की एक कागद निघायचा, दोन्ही बाजूंनी छापलेला. कोणता कायदा झाला, कोणता नुसताच मांडून ठेवला, ताईंनी काय विचारलं, मंत्र्यांनी काय उत्तर दिलं, आणि उत्तर दिलंच नसेल तर तेही. शेवटच्या चार ओळी मतदार यादीच्या आणि निवडणुकीच्या. हा कागद कुठे लावायचा ते बद्रीनाथने ठरवलं होतं. देवळात लावला तर अर्धं गाव तिकडे फिरकत नाही, ग्रामपंचायतीत लावला तर तो सरपंचाचा वाटतो. पिठाच्या गिरणीवर मात्र सगळ्या आळ्यांचं दळण येतं आणि नंबर लागेपर्यंत माणसाला दुसरा उद्योग नसतो. म्हणून गिरणीच्या भिंतीला एक तार, तारेत कागद. चौऱ्याण्णव गावं, चौऱ्याण्णव तारा. मधल्या एका निवडणुकीत ताई पडल्या, त्या पाच वर्षांत तेवढाच काय तो त्याच्या गुडघ्यांना विसावा मिळाला.

आता वयाची साठी आली होती. ऑफिसातली पोरं म्हणत, "काका, मोबाइलवर टाकून द्या ना, दोन मिनिटांचं काम." त्यांचं खोटं नव्हतं. पण मोबाइलवर ताईंच्या कायद्याशेजारी कुणाचा तरी वाढदिवस येतो, आणि लोक वाढदिवसाला अंगठा दाखवून पुढे जातात. बद्रीनाथ वाद घालत नसे. वाद घालायलासुद्धा दम लागतो, आणि तो अलीकडे स्कूटर ढकलण्यातच संपत होता.

त्या दमण्यातूनच ती चूक झाली. कागद करायची त्याची पद्धत अशी, की मागचा कागद समोर घ्यायचा आणि एकेक ओळ बदलत खाली यायचं. यंदा जिल्हा परिषदेची निवडणूक होती. अमुक तारखेपर्यंत यादीत नाव असेल त्यालाच मत, पुढे यादी बंद. ती तारीख वीस होती. बद्रीनाथने वरचं सगळं बदललं, महिना बदलला, आणि मागच्या कागदातली तीस तारीख तशीच राहिली. त्याने तो दोनदा वाचला. आपलंच लिहिलेलं वाचताना डोळे पुढे पळतात, तसे ते पळाले.

पंचवीस तारखेला तहसीलचा कारकून वसंता त्याला चहाच्या गाड्यावर भेटला. "तुमच्या खडकवस्तीचे एकतीस जण आल्ते सकाळी. समदे फारम भरून आणले व्हते, पर यादी वीसलाच बंद झालीय. परत गेले बिचारे."

बद्रीनाथने पिशवीतून कागद काढला आणि तीस हा आकडा पाहिला. हातातला चहा त्याने तसाच गाड्यावर ठेवला.

बाकीच्या गावांत मतदार यादीचं काम असलेले मास्तर घरोघर फिरून नावं घेऊन गेले होते, तिथलं निभावलं. खडकवस्तीच्या वाटेवर ओढा. ओढ्याला पाणी म्हणून मास्तर गेलेच नाहीत. आणि त्या ओढ्यावर पूल व्हावा म्हणूनच वस्तीने यंदा सगळी मतं एका जागी टाकायचं ठरवलं होतं. लग्न होऊन आलेल्या सुना, नुकती अठरा पुरी झालेली पोरं, अशी ती एकतीस नावं होती. कागदात तीस तारीख आहे, तर खुरपणी उरकून जाऊ, असा त्यांनी हिशोब केला. त्यात त्यांचं काय चुकलं?

ताईंना त्याने त्याच दुपारी सांगितलं. त्याही थकल्या होत्या. सकाळपासून तिकीट मागणाऱ्यांनी त्यांचं डोकं खाल्लं होतं.

"काही करता येतं का?"

"न्हाई. तहसीलदारांना विचारलं. यादी बंद म्हंजे बंद."

"मंग आत्ता काही बोलू नका, बद्रीभाऊ. माझ्या नावाचा कागद हाये. समोरचे म्हणतील, आमदारानं मुद्दाम वस्तीची मतं बुडवली. निवडणूक होऊ द्या, मी स्वतः जाऊन सांगते."

ताईंचं म्हणणं राजकारणात बरोबरच होतं. बद्रीनाथने मान डोलावली आणि घरी गेला. बायकोने, बेबीनंदाने, वाढलेलं ताट तसंच राहिलं. त्याला लाज वाटत होती, सरळ लाज. अठरा वर्षं लोक म्हणत आले, 'गिरणीवरच्या कागदात आलंय ना, मंग बराबर हाये.' त्या एका वाक्यावर तो जगला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटर अलीकडे लावून, विजार गुडघ्यापर्यंत वर करून त्याने ओढा ओलांडला. गिरणीवर सात-आठ जण बसले होते. कागद लावणारा माणूस म्हणून ते त्याला ओळखत, नावाने नाही. कागद तारेत होता. कौसल्याबाई मात्र दिसेना. सातवी शिकलेली ही बाई दर खेपेला कागद मोठ्याने वाचून दाखवायची. वस्तीतल्या म्हाताऱ्यांना अक्षर ओळखू येत नव्हतं, आणि बाकीचेही तिच्या तोंडूनच ऐकत, कागद स्वतः कुणी पाहत नसे.

"कौसल्याबाई कुठंय?" त्याने विचारलं.

पुंजारामबाबा सगळ्यांत वडील. ते कोरडेपणाने म्हणाले, "तिला कशाला पाह्यजे? तिनं चुकीचं वाचलं अन् एकतीस मतं घालवली. तीच म्हणली, वीसचं तीस वाचलं म्हणून. आता तिला कुणी वाचू देत न्हाई."

बद्रीनाथ विचारत विचारत तिच्या घरी गेला. ती अंगणात तूर पाखडत होती.

"बाई, असं कामून सांगितलं? कागदात तीसच हाये."

"म्हाईत हाय मला," कौसल्या सूप न थांबवता म्हणाली. "तहसीलच्या दारातच समदे कागदाला शिव्या द्यायला लागले. म्हणले, फाडून टाकू. मंग मला वाटलं, कागदावरचा इस्वास गेला तर पुन्हा कोण ऐकणार? माझं काय, चार दिवस बोलतेल अन् गप बसतेल."

"अन् बसले का गप?"

तिचे डोळे भरून आले होते, आणि ते लपवायचा तिने काही प्रयत्न केला नाही.

बद्रीनाथ तिला घेऊन गिरणीवर आला. ताईंचा शब्द त्याला आठवत होता आणि तो मोडताना त्याला वाईटही वाटत होतं. पण एवढं ओझं या बाईच्या डोक्यावर निवडणूक होईपर्यंत ठेवणं त्याला जमणार नव्हतं. त्याने तारेतला कागद काढला, खिशातलं पेन घेतलं आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'तारीख वीस होती. तीस मी लिहिली, चूक माझी. जे छापलं होतं तेच कौसल्याबाईंनी वाचलं.' अठरा वर्षांत कागदावर कधी न आलेलं स्वतःचं नाव त्याने खाली घातलं आणि कागद तिच्या हातात दिला.

तिने मोठ्याने वाचलं. गिरणीवाल्याने पट्टा थांबवला होता. सगळे ऐकत होते.

पुंजारामबाबांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "आता हे तरी बराबर वाचलंस का?"

बद्रीनाथने कागद तिच्याकडून घेतला आणि तोच मजकूर स्वतः वाचला, सावकाश, शेवटच्या नावासकट. मग म्हणाला, "बाबा, बद्रीनाथ तो मीच."

म्हाताऱ्याने सरकून बाकावर कौसल्यासाठी जागा केली.

"बस माय," तो म्हणाला, आणि बद्रीनाथकडे वळला. "तिचं तर निस्तरलं. आमच्या मताचं काय?"

"न्हाई, बाबा. यंदा न्हाई," बद्रीनाथ म्हणाला.