सिनेमातल्या डॉक्टरला नारळ

आमच्या घरी टीव्ही आल्यापासून रविवारी संध्याकाळी माझ्या खांद्यावर दुपट्टा असतो, आणि तो थंडीसाठी नसतो. चित्रपटात कुणाचे हरवलेले मूल सापडले, कुणाच्या कोरड्या विहिरीला पाणी लागले, की माझे डोळे वाहू लागतात. दुःखाच्या प्रसंगी मी ठीक असतो. नायक मरतो तेव्हा मी शांतपणे चहा पितो; तो बरा होऊन उठून बसला की तोच चहा मला खारट लागतो. माझी मुलगी म्हणते, "बाबा, जरा दम धरा ना, अजून नुसत्या नावांच्या पाट्याच चालू आहेत."

पन्नाशी ओलांडलेल्या शिक्षकाला हे शोभत नाही, हे मला मान्य आहे. स्वतःला तपासत बसण्याची मला जुनी खोड आहे. घरातले तिला माझे दुसरे दुखणे म्हणतात. त्या खोडीपायी मी पुष्कळ विचार केला, आणि दर वेळी माझे मन आंधळगावच्या बाजाराच्या मैदानावर, सिनेमाच्या तंबूत, बायकांच्या बाजूला जाऊन बसले. मी तिथे खरोखरच बसलो होतो. का बसलो होतो, ते सांगतो.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा चाळिशीच्या आसपास होतो आणि गावच्या शाळेत शिकवत होतो. माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची पत्नी, आमची मोठीमाय, आमच्याकडे राहत असे. खरे सांगायचे तर घर तिचेच होते. आम्ही तिच्याकडे राहत होतो. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, आणि ही गोष्ट तिच्याखेरीज सगळ्या गावाला मान्य होती. अंगणात वाळत घातलेल्या माझ्या धोतराला ती एकदा म्हणाली, "बसा ना बाप्पा, उभे काहून?" माझी पत्नी हसली, तशी मोठीमाय फणकारली, "मले का समजत नाही का? मी धोतरालेच म्हनून राहिली. केव्हाचं उभं आहे बिचारं!"

धानाची कापणी आटोपली की मोहाडीला डोळ्यांचे शिबिर भरत असे. एका वर्षी तिने मळणीचे कारण सांगितले, दुसऱ्या वर्षी म्हैस व्यायची होती. तिसऱ्या वर्षी ती शिबिरात तपासणीपुरती आली आणि ऑपरेशनचे नाव निघताच घरी परतली. डॉक्टरांनी मला बजावले होते, की बिंदू पुरता पिकला आहे. येत्या वर्षी काढला नाही, तर डोळेच हाती राहणार नाहीत. ते येते वर्ष आता उजाडले होते. शिबिर पंधरवड्यावर आले होते आणि मोठीमाय म्हणत होती, "आता मले काय पाहाचं राहिलं?"

मी तिला शास्त्रीय माहिती दिली. शेणाने सारवलेल्या जमिनीवर खडूने डोळ्याची मोठी आकृती काढली आणि भिंग कुठे असते, ते बोट ठेवून दाखवले. तिला ती आकृती दिसणार कशी, हे माझ्या लक्षात आले तेव्हा ती आकृतीवरच सूप घेऊन पाखडायला बसली होती.

माझी पत्नी म्हणाली, "तुमचं शास्त्र राहू द्या. तंबूत आंधळ्या बाईचा सिनेमा लागला आहे. शेवटी तिले दिसते म्हनतात. मोठीमायले तिथं घेऊन जा."

"तूच ने ना."

"मी नेलं असतं. पन ते सारे हिंदीत बोलतात. तिले समजावून कोन सांगन?"

इथे माझी अडचण झाली. सिनेमाने चारित्र्य बिघडते, असे मी दर शनिवारी प्रार्थनेनंतर मुलांना सांगत असे. आणि या विषयावर मी बरा बोलतो, असे मला वाटत असे. तरीही दिवेलागणीला मी मोठीमायचा हात धरून तंबूपाशी पोचलो. तिच्या काखेत एक थैली होती आणि थैलीत एक नारळ. वाटेतल्या देवीसाठी असेल, असे मी समजलो. पण देवीला नुसते हात जोडून ती पुढे निघाली.

तंबूत मधोमध कापडाचा आडपडदा होता. एकीकडे पुरुष, दुसरीकडे बायका. मोठीमाय पुरुषांत बसणे शक्य नव्हते आणि मी शेजारी नसेन तर येण्याचा उपयोग नव्हता. मी मान खाली घालून बायकांच्या बाजूला, तिच्याजवळ धानाच्या तणसावर बसलो. माझ्या अर्ध्या वर्गाच्या आया तिथे होत्या.

"अव माय, गुरुजी!" मागून कुणीतरी म्हणाले. "शाळेत तं सिनेमाले जाऊ नका म्हनतात."

"मुलाईले म्हनतात व. मायाईले नाही म्हनत," आमची शेजारीण म्हणाली. ती मोठीमायच्या पलीकडे बसली होती, आणि पुढे सबंध खेळभर तिने मला असाच आधार दिला.

चित्रपट सुरू झाला. एका विधवेची दृष्टी जाते. एक तरुण डॉक्टर तिला ऑपरेशन करून घेण्यासाठी विनवत असतो, आणि ती नाही म्हणत असते. मी मोठीमायच्या कानात कथन सुरू केले: "ती स्त्री अत्यंत व्यथित झाली आहे."

"म्हंजे?"

"तिच्या अंतःकरणाला..."

"रडून राहिली का?"

"हो."

"मंग तसं सांग ना बाबू! पुस्तकावानी कायले सांगतं?"

मी भाषा साधी केली. साधी झाल्यामुळे ती इतरांनाही समजू लागली, आणि मागच्या ओळीतून मागणी आली, "गुरुजी, जरा मोठ्यानं!" थोड्याच वेळात मी सगळ्या बायकांच्या बाजूला ऐकू जाईल अशा आवाजात चित्रपट सांगत होतो. आडपडद्यापलीकडून आमचे पाटील ओरडले, "अगा, कोन बोलून राहिला गा तिकडं?" आणि शेजारणीने उत्तर दिले, "डॉक्टर!"

मोठीमाय पहिल्यापासून त्या आंधळ्या विधवेच्या बाजूची होती. "बरोबर म्हनते ते. काहून जाईन? जाऊ नको व बाई!" असे ती पडद्याला उद्देशून सांगत होती. मग एक प्रसंग आला. डॉक्टर चिडून विचारतो, की तुम्हाला दिसायला नको आहे का? विधवा तोंड फिरवून बोलते. मी सांगू लागलो, "ती म्हणते, आता अंधाराची सवय झाली आहे. पण दिसेल म्हणून आस धरली, आणि नाही दिसलं, तर?"

मोठीमायची बोटे माझ्या मनगटावर आली आणि घट्ट झाली. मळणी नव्हे, म्हैस नव्हे. इतकी वर्षे ती कशाला भीत होती, ते मला त्या बोटांवरून कळले. माझी खडूची आकृती तिथे काय उपयोगाची होती?

तेवढ्यात रीळ संपले. तंबूत एकच मशीन होते. रीळ बदलेपर्यंत दिवे लागत आणि खेळ थांबे. मोठीमायने थैलीतून नारळ काढून माझ्या मांडीवर ठेवला.

"हा त्या डॉक्टरले देऊन ये."

आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडईची जत्रा भरते, दंडारीचा खेळ होतो, नाटके होतात. एखाद्याचे काम मनाला भिडले, तर लोक तिथल्या तिथे त्याला बक्षीस देतात आणि माइकवरून तसे जाहीर होते. मोठीमायने जन्मभर हेच केले होते. पण हा सिनेमा होता. मी हळूच म्हणालो, "मोठीमाय, डॉक्टर इथे नाही. ती नुसती सावली आहे पडद्यावरची."

"मले समजते बाबू. सावलीच आहे. पन सावली रडवते, तं सावलीले नारळ काहून नाही?"

मी नारळ घेऊन तंबूच्या मॅनेजरकडे गेलो. तो अनुभवी माणूस होता. त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिले, माइक तोंडाशी धरला आणि जाहीर केले, "गुरुजींच्या मोठीमायकडून सिनेमातल्या डॉक्टरले एक नारळ! डॉक्टरसाहेब आभारी आहेत!"

टाळ्या पडल्या. डॉक्टरच्या वतीने मशीनवाला बनियनवर पुढे आला, त्याने नारळ कपाळाला लावला आणि मोठीमायला वाकून नमस्कार केला. मोठीमाय त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "हात थरथरू देऊ नको, बापा."

मग तंबूला राहवेना. कुणी विधवेला टोपलीभर वांगी दिली. कुणी तिच्या दिराला, जो तिची जमीन बळकावून बसला होता, चप्पल देऊ केली. मॅनेजर म्हणाला, "एक घेत नाही. देनार असान तं जोडी द्या." आपल्या चपला तंबूबाहेरच काढून ठेवल्या आहेत, हे देणाऱ्याला तेव्हा आठवले. पुढचे रीळ लागायला बराच वेळ गेला, आणि कुणाचीही तक्रार नव्हती.

शेवटच्या रिळात विधवा ऑपरेशनला तयार झाली. पट्टी उलगडण्याचा प्रसंग आला. मी सांगत होतो, "डॉक्टर कात्री घेतो. एक पदर काढला. दुसरा काढला. आता ती पापण्या..." आणि इथे माझा आवाज बसला. डोळ्यांतून पाणी मात्र धो धो वाहत होते. आधारासाठी मी शेजारणीकडे पाहिले. तिने पदर तोंडात कोंबला होता. मागची सगळी ओळ हुंदके देत होती. आडपडद्यापलीकडे पाटील नाक शिंकरत होते.

त्या सगळ्या रडारडीत मोठीमाय एकटी कोरडी बसली होती, कारण तिला कुणी काही सांगतच नव्हते.

"बाबू! काय झालं?"

मी मान हलवली. ती तिला दिसणार नव्हती.

"मेली का व ते?" तिने शेजारणीला विचारले. शेजारणीने आणखी मोठा हुंदका दिला.

"अरे, कोनी बोला ना! सारे रडून राहिले. दिसलं, का डोरा गेला? डोरा गेला काय रे?" तिचा आवाज चिरकला. अंधारात तिने माझा चेहरा चाचपला, ओले गाल हाताला लागले, आणि ती आणखीच घाबरली. त्या क्षणी मला उमगले, की आनंदाचे रडणे आणि मरणाचे रडणे कानाला सारखेच लागते. फरक फक्त बघणाऱ्याला कळतो.

"दिसलं," मी कसाबसा म्हणालो. "मोठीमाय, तिला दिसलं."

"मंग रडता कायले, मेल्याहो!" ती ओरडली, आणि स्वतःच रडू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारीण आमच्या ओसरीवर आली. "मंग मोठीमाय, मोहाडीले कवा निघाचं?"

"मी कुठं जातो म्हनलं?"

"नारळ देल्ला ना, साऱ्या गावासमोर. नारळ हाती देल्ल्यावर सोयरीक मोडता येते का?"

मोठीमाय विचारात पडली. आमच्याकडे नारळ हातात गेला की बोलणे पक्के झाले. मग माघार नाही. "तो तं सिनेमातल्या डॉक्टरले देल्ला," ती म्हणाली, पण आवाजात जोर नव्हता.

"डॉक्टर कोनताबी असो. काम तं एकच आहे."

मोठीमाय बैलबंडीत बसून शिबिराला गेली. थैलीत दुसरा नारळ होता. डॉक्टर हसून म्हणाले, "आजी, आधी ऑपरेशन होऊ द्या, मग द्या." ती म्हणाली, "मंग देल्ला तं हिशेब झाला, बापा. आधी देल्ला तं भरोसा."

काही दिवसांनी पट्टी उघडली, तेव्हा मी समोर उभा होतो. मोठीमायने डोळे उघडले. कुठलेही संगीत वाजले नाही. ती आपलाच हात डोळ्यांसमोर धरून म्हणाली, "उजेड आहे. पन सारं पेजेवानी दिसते." डॉक्टर म्हणाले, तसेच दिसणार, महिन्याने जाड भिंगांचा चष्मा मिळेल, मग स्पष्ट दिसेल. मला भीती वाटली, की आपण हिला सिनेमा दाखवून फसवले. परतीच्या बंडीत मी चाचरत म्हणालो, "मोठीमाय, सिनेमातल्या बाईला पट्टी काढल्याबरोबर दिसलं होतं, नाही का?"

तिने माझीच समजूत घातली. "मधला महिना कापला असन त्यायनं. तीन तासात काय काय दाखवतीन बिचारे?"

चष्मा आला. पहिल्याच दिवशी तिने घरभर फिरून जाळी, जळमटे आणि माझे पिकलेले केस यांची सारख्याच नापसंतीने दखल घेतली.

पुढच्या वर्षी कापणीनंतर तंबू पुन्हा आला. या वेळी मोठीमाय बायकांत शेजारणीजवळ बसली, आणि मी मान वर करून पुरुषांत. मधेच पलीकडून तिचा आवाज येत होता. आता ती हिंदी न समजणाऱ्या बायकांना सिनेमा सांगत होती, आणि तिलाही हिंदी समजत नव्हती.

घरी परतताना ती म्हणाली, "बाबू, पडद्याले ठिगळ आहे. हे एवढं, बरोबर मधात. मानूस तिथं आला का त्याचं तोंड वाकडं होते."

"हो, आहे खरं."

"मागच्या साली होतं का?"

"पडदा तोच आहे. असलंच पाहिजे."

"मंग तू काहून नाही सांगतलं? बाकी तं सारं सांगून राहिला होता."

मी आठवून पाहिले. विधवेचा चेहरा आठवला, कात्री आठवली, पट्टीचा एकेक पदर आठवला. ठिगळ कुठेच आठवेना.

"मोठीमाय," मी म्हणालो, "मला ते दिसलंच नाही."

ती रस्त्यात थांबली आणि जाड भिंगांतून माझ्याकडे निरखून पाहत म्हणाली, "बाप्पा! मंग शिबिरात तुलेच न्या लागत होतं."