नुसता मोजत बसलेला आकडा

सासुरवाडीत जावयाला कोणी रागवत नाही. लग्नानंतर बरीच वर्षं मला ही मोठी सोय वाटायची. मागच्या हिवाळ्यात कारंज्याला मेव्हण्याच्या संत्र्याच्या बगीच्यातली मोटर मी जाळली, आणि तेव्हापासून या सोयीचं नाव काढलं तरी कान गरम होतात.

मी वर्ध्याला घरी बसून परगावच्या एका कंपनीचं काम करतो. माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम मशीनला समजेल असा करून देणारा जो प्रोग्रॅम असतो, त्याला कंपायलर म्हणतात. आमची टीम तो बनवते, आणि त्यातला एक कोपरा माझ्याकडे आहे. त्या कोपऱ्यात मी काय करतो हे एकदा दिवाळीत कारंज्याला जेवताना सांगायची वेळ आली.

"भाऊजी, तुम्ही कंपनीत करता तं काय करता नेमकं?" मेव्हण्याने विचारलं. तो बायकोचा धाकटा भाऊ. बगीचा तोच पाहतो.

"प्रोग्रॅममध्ये पुष्कळ आकडे असतात," मी म्हटलं. "मी शेवटापासून मागे मागे येत पाहतो, की या आकड्याला पुढे कोणी विचारणार आहे का? विचारणार असेल तर तो जिवंत. कोणीच विचारणार नसेल तर मेलेला. मग तो आकडा काढायचा, आणि तो तयार करायची खटपटही काढायची."

सासऱ्यांचा भाकरी मोडणारा हात थांबला. "म्हंजे तुम्ही लोकायले कामावरून काढता?"

"माणसांना नाही, मामाजी. आकडेमोडीला."

"मंग ठीक हाय. तिले लेकरंबाळं नसते."

सगळे हसले, मीही हसलो. आणि त्या हसण्याच्या भरातच बोलून गेलो, की बगीच्यातल्या मोटरसाठी मी एक डबा बनवून देतो. लाइन, म्हणजे वीज, आली की मोटर आपोआप चालू होईल आणि मोबाइलवर निरोप येईल. तसे डबे बाजारात मिळतात. मेव्हण्याकडे होताही एक, कुरकुरत चालणारा. पण जावयाने हातानं केलेल्या डब्याची गोष्टच वेगळी, असं माझं मत पडलं.

डब्याला खरं म्हणजे एकच अक्कल लागते. लाइन आल्याबरोबर मोटर चालू करायची नाही, दोन-तीन मिनिटं थांबायचं. लाइन गेली की पाइपात चढलेलं पाणी खाली उतरतं आणि विहिरीतला पंप उलटा फिरतो. तो उलटा फिरत असतानाच करंट दिला तर मोटरचं वाइंडिंग जळतं. म्हणून थांबायचं. मी प्रोग्रॅममध्ये हे थांबणं अगदी सोप्या रीतीने लिहिलं: एक आकडा घे, तो एकेकाने वाढवत भल्यामोठ्या संख्येपर्यंत मोजत जा, मग मोटर चालू कर. मोजण्यात वेळ जाईल, एवढाच हेतू. घरी मोटरच्या जागी बल्ब लावून पाहिला. बल्ब शहाण्यासारखा थांबून लागला.

मग कारंज्याला निघायच्या सकाळी माझ्यातला कारागीर जागा झाला. कंपायलरला दोन तऱ्हेने काम सांगता येतं: लिहिलंय तसं उतरव, किंवा नको ते काढून आवरून दे. बल्बाच्या वेळी पहिली तऱ्हा होती. आपल्या हातचा डबा कसा आटोपशीर पाहिजे, म्हणून मी दुसरी वापरली. पुन्हा बल्ब लावून पाहणार, तोच खालून गाडीचा हॉर्न वाजला. बायको माहेरी जायला निघाली की तिला उशीर चालत नाही. मी डबा पिशवीत टाकला.

बगीच्यात त्याच आठवड्यात ताण तोडला होता. आंबिया, म्हणजे हिवाळ्याअखेरच्या, बहारासाठी झाडांचं पाणी बंद ठेवतात, पानं मलूल होईपर्यंत. मग पाणी सुरू करतात, यालाच ताण तोडणं म्हणायचं. एकदा तोडला की खंड पडून चालत नाही, नाहीतर फूल धड निघत नाही, निघालं तर टिकत नाही. मेव्हण्याचा वर्षाचा बहार त्या पाण्यावर उभा होता, आणि पाणी माझ्या डब्यावर.

जुना डबा उतरवून माझा चढवला, त्याला कुंकू लावलं, नारळ फोडला. आम्ही लाइनची वाट पाहत उभे राहिलो. लाइन आली आणि त्याच क्षणी मोटर घरघरली.

"लाइन आली नाई तं मोटर चालू!" मेव्हण्याने टाळ्या वाजवल्या. "जुना डबा बसे वेळ लावत!"

सासऱ्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. चालू व्हायच्या आधी मोटर दोन-तीन मिनिटं थांबायला पाहिजे होती आणि थांबली नव्हती, हे माझ्या डोळ्यांसमोर घडत होतं. मी काय केलं? डब्याशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी आम्ही वर्ध्याला परत पोचलो न पोचलो, तर बायकोचा फोन वाजला. लाइन लागोपाठ गेली-आली, गेली-आली, आणि मोटर बसली. विहिरीवर जळका वास सुटला होता.

आम्ही तसेच मागे फिरलो. अंगणात माझ्यासाठी खुर्ची तयार होती. आल्या-गेल्याला सासरे सांगत होते, "लाइनच लय खराब हाय. जवाईबापूच्या डब्यानं काय होते!"

"मामाजी, डब्यातच काहीतरी चुकलं असेल," मी म्हटलं.

"नाई जी. तुमची चूक काऊन राहीन? चहा घ्या."

मी चहा घेतला. बायको कपबशी न्यायला आली आणि हळूच म्हणाली, "त्यायनं रागवावं असं वाटते ना तुम्हाले? ते नाई रागवनार. अन् मी रागवली तं तुम्ही फिटलं म्हून घरी जाऊन झोपसान."

मी लॅपटॉप उघडला आणि कंपायलरने शेवटी काय उतरवून दिलं ते वाचलं. लाइन आली का? आली. मोटर चालू. मधे काहीच नव्हतं. मोजून झाल्यावर त्या आकड्याचं मी पुढे कुठेच काही केलं नव्हतं, त्याला विचारणारं कोणी नव्हतं. कंपायलरने त्याला मेलेला ठरवून उचललं, आणि त्याच्याबरोबर मोजणंही उचललं. वेळ जाणं हेच ते काम होतं, हे त्याला कळायचं कारणच नव्हतं. या आकड्याला हात लावू नको, असं सांगायला एक शब्द लिहावा लागतो. तो मी लिहिला नव्हता. आणि हे उचलण्याचं काम कंपायलरमधला जो भाग करतो तो माझाच, कंपनीत त्याच्यासाठी माझं कौतुकही झालेलं आहे. मी लॅपटॉप मिटला. सासऱ्यांनी दिलेली सबब हाताशी होती. लाइन खरंच गेली-आली होती.

वाइंडिंग करून मोटर तीन-चार दिवसांनी आली. तोवर शेजाऱ्याने आपल्या वाटणीतून तास-तासभर पाणी दिलं, ते जवळच्या झाडांना पुरलं, नाल्याकडच्या झाडांना नाही. मोटर विहिरीत सोडायला चार-पाच जण जमले. मला अर्थातच खुर्ची.

मी उठून मेव्हण्याजवळ गेलो आणि सगळं सांगितलं. बल्ब, हॉर्न, आकडा, सगळं.

"अन् तो आकडा काढला कोनं?" त्याने विचारलं.

"कंपायलरने."

"कोनाचा हाय तो?"

"आमचाच. तो भाग मीच पाहतो."

त्याचा आवाज चढला. "म्हंजे त्या दिवशी मोटर लगेच चालू झाली, तवाच तुम्हाले समजाले पायजे होतं! मी येडा, मी टाळ्या वाजवल्या. तुम्ही तं फोटो काढून राह्यले होते ना बे!"

'बे' ऐकून विहिरीवरच्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. भाऊजीला बे म्हणायची कारंज्यात रीत नाही. सासरे धोतर सावरत पुढे झाले, "अरे, पाव्हन्याले—"

"पाव्हने बिव्हने नाई आता," मेव्हणा म्हणाला. "धरा दोर, भाऊजी."

मी दोर धरला. मला ते काम मुळीच येत नव्हतं. "ढील द्या म्हटलं तं ओढून काऊन राह्यले?" असं तो दोनदा ओरडला, आणि प्रत्येक वेळी मला थोडं बरं वाटलं. थोडंच. तळहात सोलून निघाले ते मात्र मी कोणाला दाखवले नाहीत. जुना डबा त्याने स्वतःच परत भिंतीवर चढवला.

फेब्रुवारीत आम्ही पुन्हा गेलो. बगीच्यात शिरतानाच फुलांचा वास आला. जवळची झाडं पांढरीशुभ्र होती. नाल्याकडच्या झाडांवर मात्र कुठे एखादा घोस, बाकी नुसती पानं. मी तिथे थांबलो तसे सासरे घाईघाईने म्हणाले, "यंदा थंडीच बराबर नाई पडली, जवाईबापू."

मेव्हणा मागून येत होता. "थंडी सगळ्या झाडायले सारखीच होती, बाबा," तो म्हणाला.

सासऱ्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं आणि पुढे चालू लागले. मी त्या झाडांपाशी उभा राहिलो. काही बोलावंसं वाटलं, पण मेव्हण्याला आता माझ्याकडून ऐकायचं असं काही उरलं नव्हतं. तो वाकून बुडाशी माती चाचपून बघत होता.