रुमालाखालचा उजेड

आमच्या आतोबांनी, म्हणजे माझ्या आतेच्या यजमानांनी, हयातीत जितक्या माणसांची पाचावर धारण बसवली, तितक्यांची सांगलीतल्या कृष्णेच्या मगरींनीही बसवली नसेल. बरं, गडी अंगाने किरकोळ, आवाज बारीक, स्वभावाने गाय. धंदा हळदीच्या दलालीचा. त्या काळी हळदीचा सौदा रुमालाखाली व्हायचा. खरेदीदार आणि दलाल रुमालाआड एकमेकांची बोटं धरायचे, जितकी बोटं दाबली तितका भाव, आणि शेजारी उभ्या असलेल्याला पत्ता लागायचा नाही. आतोबांनी हे तीस-पस्तीस वर्षं इतकं केलं की त्यांना आकडा तोंडाने सांगताच येईना. डॉक्टरांनी विचारलं, किती दिवस ताप आहे? आतोबांनी खांद्यावरचा रुमाल काढून डॉक्टरांच्या हातावर टाकला आणि आत तीन बोटं दाबली. कराडच्या एस.टी.त कंडक्टरने तिकिटं किती म्हणताच यांनी भर गर्दीत त्याचा हात रुमालाखाली धरला. तो बिचारा असा दचकला की त्याने घंटीच ओढली आणि गाडी मध्येच उभी राहिली. मी शेजारीच बसलो होतो. खिडकीतून उडी टाकावी असं मला वाटलं.

त्यांना दुसरं वेड उजेडाचं होतं, आणि ते लावायला मीच कारणीभूत झालो. मी तेव्हा कराडला इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत होतो. एका रविवारी सांगलीला जेवायला गेलो असताना सहज बोललो की परदेशात म्हणे फिल्मशिवाय फोटो काढायची खटपट चालू आहे. चित्राची बारीक बारीक घरं पाडायची, प्रत्येक घरात किती उजेड पडला ते मोजायचं, आणि त्या आकड्यांवरून पुन्हा चित्र उभं करायचं. आतोबांचा घास हातातच राहिला. "म्हंजी उजेड तोलायचा!" ते म्हणाले. "मग त्यात काय हाय? आमी हळद तोलतोय, त्ये उजेड तोलत्यात." पुढच्या महिन्यात मी गेलो तर घरातली चहाची पेटी, जुन्या कॅमेऱ्याचं भिंग, आणि उजेड पडला की ज्यातून वीज जास्त वाहते असा पुण्याहून मागवलेला नखाएवढा तुकडा, यांचं एक यंत्र ओसरीवर तयार! तो तुकडा पट्टीवरून एकेक घर सरकायचा आणि काटा शून्य ते नऊ यांतला एक आकडा दाखवायचा. यंत्र चालतही होतं. मी मट्कन खाली बसलो.

यंत्रात खोट एकच होती. शेजारची पिठाची गिरणी सुरू झाली की काटा उडी मारायचा आणि सात-आठच्या घोळक्यात मध्येच एखादा दोन टपकायचा. त्यावर आतोबांनी बाजारातलाच तोडगा काढला. "ढिगात एखादं हळकुंड येगळं दिसलं तर त्येच्यावर भाव न्हाई धरायचा गड्या. आजूबाजूच्यांवर धरायचा." म्हणजे विचित्र आकडा आला की तो टाकून द्यायचा आणि शेजारच्या घरांवरून त्याचा आकडा बसवायचा. मला हे इतकं आवडलं की मी वर्गात सांगितलं.

पण हा सगळा खटाटोप कशासाठी, ते मला उशिरा कळलं. लहानपणी देवी आल्या, त्यांचे वण आतेच्या तोंडावर राहिले होते. डाव्या डोळ्याखालचा तर चांगला खोल होता. फोटोवाले असे वण पेन्सिलीने बुजवून देत. आते म्हणायची, "तोंडावर पेन्सिल फिरवून घ्येनार न्हाई, आन् न फिरवता काढूनबी घ्येनार न्हाई." त्यामुळे घरात बैलजोडीचासुद्धा फोटो होता, आतेचा नव्हता. आतोबा हळद घेऊन परमुलखात महिना महिना जायचे, आणि खिशात बायकोचा चेहरा नाही हे त्यांना सलायचं. म्हणून त्यांनी तिला पटवलं, "अगं, ह्यो फोटो न्हवंच. नुस्ता उजेड तोलायचा." तोलण्याला ती कशी नाही म्हणणार?

दिवाळीनंतरच्या एका दुपारी आते उन्हात बसली. आतोबा काटा बघून रुमालाखालून आकडा देऊ लागले बाजारातल्या त्यांच्या दोस्ताला, म्हणजे हळदीची पोती तोलणाऱ्या तोलाईदाराला. तोलाईदार शेणाने सारवलेल्या अंगणात घरं आखून बसला होता. जितका आकडा, तितक्या चिमटी रांगोळी. त्याचे हात जन्माचे पिवळे, त्यामुळे रांगोळीही पिवळसर पडत होती. जवळून बघितलं तर नुसते ठिपके. ऊन कलल्यावर आम्ही सगळे माडीवर चढलो, खाली बघितलं आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. अंगणात आते बसली होती! नाक, कपाळ, कुंकू, सगळं तिचं, आणि गाल मात्र लोण्यासारखे.

"वैनी, लय झ्याक!" तोलाईदार ओरडला. आते कठड्याला धरून बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "ब्येस हाय. पन ही कोन बाई मांडलीसा?" आणि खाली जाऊन चुलीपुढे बसली.

आतोबांचा चेहरा पांढराफटक पडला. डोळ्याखालच्या वणाच्या घरात काट्याने खरा आकडा दाखवला होता. यांनी तो गिरणीचा समजून शेजाऱ्यांवरून बसवला होता. पेन्सिल नको म्हणून यंत्र केलं आणि यंत्रातही पेन्सिल निघाली. "आते," मी म्हणालो, "चूक नियमाची आहे." तिने चुलीत लाकूड सारलं. त्या रात्री घरात कुणी धड जेवलं नाही.

सकाळी आतोबांनी अंगण स्वतः झाडलं आणि सारवून घेतलं. गिरणीवाल्याच्या हातापाया पडून गिरणी बंद ठेवली. मग आतेसमोर उभे राहिले. "एकडाव बस. आज कुन्या शेजाऱ्याला इचारनार न्हाई." ती बसली, पण मान वळवून. ऊन चढलं तशी हळूहळू सरळ झाली. तुकडा सरकत डोळ्याखाली आला. काटा पडला. आतोबांनी रुमाल खांद्यावरून काढला, आणि तो तोलाईदाराच्या हातावर न टाकता जमिनीवर फेकून दिला.

"चार!" ते ओरडले. "चारच हाय! चारच मांड!"

गल्लीतले दलाल दुकानांतून बाहेर आले. आकडा उघड्यावर ओरडणारा दलाल त्यांनी जन्मात बघितला नव्हता. एकाला वाटलं, आतोबांना वेड लागलं. मलाही तसंच वाटलं, आणि डोळ्यांत पाणीही आलं. आतोबा मात्र पुढचा प्रत्येक आकडा बेंबीच्या देठापासून ओरडत राहिले.

माडीवरून आतेने बघितलं. पदर तोंडाला लावला. "हां," ती म्हणाली, "आता मी हाय." दुसऱ्या दिवशी कोंबड्यांनी ते चित्र विस्कटलं, पण आठवड्याभरात आते आपल्या पायांनी फोटोवाल्याकडे गेली आणि दारातूनच त्याला बजावलं, "पेन्सिल लावलीस तर याद राख." तो फोटो पुढे आतोबांच्या खिशात सगळा मुलूख हिंडला.

आता माझ्या नातीच्या फोनने फोटो काढला की माझ्या सुरकुत्या आपोआप जातात. ती म्हणते, बघा आजोबा, जादू! मला त्याचं काही वाटत नाही. ही जादू आतोबांनी आमच्या डोळ्यांदेखत करून, झाडून टाकली होती.

आते आधी गेली. नंतर आतोबांची वाचा गेली. मी भेटायला गेलो तर त्यांनी चादरीखाली माझा हात ओढून घेतला आणि बोटं दाबली. चार. मी मूर्खासारखा विचारत बसलो, "चार काय? चार वाजले? चहा हवा?" त्यांनी पुन्हा तीच चार बोटं दाबली आणि मान वळवून भिंतीकडे बघितलं. तिथे आतेचा तोच फोटो चौकटीत होता. तेव्हा मला ते चार कळले. हात तसाच चादरीखाली राहू दिला.