उदबत्तीचा सरळ धूर

शेवटची पट्टी ठोकली आणि मी खिशातली उदबत्ती काढून पेटवली.

"काय रे शंकर, पूजा घालतोस काय?" नाडगौडा सरांनी विचारलं.

"टेस्टिंग, सर."

फट कुठे राहिली हे शोधायला आमच्याकडे मशीन नसतं. खिडकीच्या कडेला पेटती उदबत्ती धरायची. धूर हलला की तिथून वारा येतोय. सरळ वर गेला की काम पक्कं. मी चारी भिंतींना फिरलो. धूर दोरीसारखा सरळ उभा राहिला. सर खूश झाले. त्यांच्याहून जास्त मी.

ही नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडची, धारवाडची गोष्ट. मी परभणीकडचा. सातवीत शाळा सोडली आणि फिरत फिरत हुबळीला येऊन पडलो. कानडी येत नव्हतं. बसण्णा मिस्त्रींनी ठेवून घेतलं, रंधा धरायला शिकवलं, सणाला घरी जेवायला बोलावलं. त्यांचे उपकार होते, म्हणून त्यांची भीतीही होती. काम चुकलं तर इथे आपलं दुसरं कोण आहे, हा विचार मला रोज यायचा.

सर रिटायर्ड हायस्कूल मास्तर. घर जुनं, मंगळुरी कौलांचं. धारवाडला थंडी बोचरी, आणि त्या वर्षी दिवाळीपासूनच कडक. मुलगी उमाक्का पहिल्या बाळंतपणाला आलेली. सगळ्या घराला तक्तपोशी, म्हणजे कौलांखाली फळ्यांचं छत, करायची सरांची इच्छा होती. पण पेन्शनीत दवाखाना, बारसं, डिंकाचे लाडू असं सगळं बसवायचं होतं. यादीतून एकेक काम खोडत शेवटी उरली एक खोली, बाळंतिणीची.

"एकच कर, पण अशी कर की सुईएवढा वारा शिरू नये," सर म्हणाले.

मी तशीच केली. वर प्लायवूड. खिडक्यांच्या फटींत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, कडेनं पट्ट्या मारल्या. दाराला खालून रबर लावलं. दारावर हवेसाठी ठेवलेला झरोका होता, त्यातून गार झोत यायचा. तोही फळी ठोकून बंद केला. वैनी, म्हणजे सरांच्या मिसेस, म्हणाल्या, "शेगडी या कोपऱ्यात येणार बघ." तिथे लाकडी कपाट होतं. त्याला आच लागू नये म्हणून मी बाजूनं पत्रा मारून दिला. पैसे न घेता. त्या पत्र्याचा मला फार अभिमान वाटला होता.

पुढे तीनेक आठवड्यांनी आम्ही हुबळीत लॅमिंग्टन रोडवर एका दुकानाचं फर्निचर करत होतो. उमाक्का बाळंत झाल्याचं आठवड्यापूर्वी कळलं होतं. सकाळी चहा आला. हात गारठलेले. बसण्णा बशीत चहा ओतत म्हणाले, "बेलूरकडचा एक वॉचमन गेला की रे. केबिन बंद करून कोळशाची शेगडी घेऊन झोपला. चोर नाही, साप नाही. नुसत्या शेगडीनं मारला बघ."

"आग लागली?"

"आग कुठली? बंद खोलीत कोळसा विष सोडतो. वास नाही, धूर नाही. माणूस झोपतो तो झोपतोच."

माझ्या डोळ्यांसमोर तो सरळ धूर उभा राहिला.

बाळंतिणीला आमच्या परभणीकडे आणि इथेही शेक देतात. शेगडीत निखारे, त्यावर ओवा, शेपा. पूर्वी कौलांतून, झरोक्यातून हवा यायची, म्हणून पिढ्यान्पिढ्या काही झालं नाही. ती हवा मी बंद केली होती.

मी पटाशी आणि हातोडा पिशवीत टाकला.

"एल्लिगे? कुठं निघालास?"

"धारवाडला. सरांची खोली फोडायची आहे."

"तली केट्टैतेन? डोकं फिरलं का तुझं? मालक अकराला बघायला येणार!"

"बसण्णा, मी झरोका बंद केलाय. आत शेगडी आहे."

त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "आधी जा. पळ."

सरांकडे फोन नव्हता. बसमध्ये उभाच राहिलो. उणकलच्या तळ्यावर धुकं होतं, ड्रायव्हर सावकाश चालवत होता. प्रत्येक स्टॉपला मला वाटायचं, हेच एक मिनिट कमी पडणार. मी कुठल्या देवाला काय बोललो ते सांगत नाही. त्यातलं फेडायचं अजून बाकी आहे.

सर ओट्यावर पेपर वाचत होते. मी अंगणातूनच विचारलं.

"उमाक्का कशी आहे, सर?"

"चार दिवस डोकं धरलंय. मळमळतंय. वारा लागला म्हणते आमची ही. म्हणून आज निखारे जास्त टाकलेत."

"बाळ?"

"शहाणं आहे. शेक झाला की गपगार झोपतं, रडत सुद्धा नाही."

मी चपला न काढता आत गेलो. दाराच्या फटीत वैनींनी आतून गोधडी कोंबली होती. खांद्यानं ढकललं तेव्हा दार उघडलं. आत ओव्याचा वास आणि जड ऊब. शेगडी लाल. उमाक्का बाजेवर पडल्या होत्या, डोळे अर्धे उघडे. वैनी भिंतीला टेकून पेंगत होत्या.

"दार लाव रे! वारा येतो!" वैनी ओरडल्या, पण आवाज झोपेतला.

"वैनी, बाहेर चला. बाळाला घ्या. सर, शेगडी!"

सरांनी चिमट्यानं शेगडी अंगणात नेली. मी खिडक्या उघडल्या आणि स्टुलावर चढून झरोक्याची फळी उचकटली. पटाशी दोनदा निसटली. बाळ ओट्यावर नेलं तरी रडेना. वैनी त्याचे तळवे चोळत होत्या. मी फळी हातात घेऊन उभा. आयुष्यात तेवढा कधी घाबरलो नाही.

मग ते रडलं. चांगलं तारस्वरात.

रिक्षानं सगळ्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी दिवसभर ठेवून घेतलं, उमाक्कांना ऑक्सिजन लावला आणि सरांना एवढंच म्हणाले, "आणखी तासाभरानं आला असता तर मी काही करू शकलो नसतो."

मला वाटलं, आता सर मला सोडणार नाहीत. बसण्णाही काढून टाकतील. मी हात जोडले. "चूक माझी, सर. झरोका मी बंद केला."

सर बाकावर बसले होते. मग म्हणाले, "तीस वर्षं विज्ञान शिकवलं मी. ज्वलन, प्राणवायू, सगळं. हंडीखाली मेणबत्ती विझवून दाखवायचो. तो धडा आठवीला असतो."

"मी सातवीत सोडली, सर."

"तू सोडलीस म्हणून तुला माफ आहे. मला कोण माफ करणार?"

सरांनी माझ्यावर राग धरला नाही. उलट वसंतात बाकीच्या घराची तक्तपोशी माझ्याकडूनच करवून घेतली. बसण्णांनी अर्धा दिवस कापला, आणि संध्याकाळी घरी जेवायला बोलावलं.

आता माझ्या हाताखाली चार माणसं आहेत. थंडीसाठी खोली बंद करायची ऑर्डर आली की मी माप घेण्याआधी विचारतो, आत काय जाळणार? काम झाल्यावर उदबत्ती अजूनही लावतो. खिडकीपाशी धूर सरळ हवा. झरोक्यापाशी तो वाकला नाही, तर मी बिल देत नाही.