दोन्ही बाजूंना वाचून दाखवलेलं पुस्तक

आमच्या प्रकाशनाचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं आहे. सुरुवात संस्थापकांच्या बालपणापासून करायची असं ठरलं होतं, पण मी थेट माझ्या पुस्तकाच्या वाचनापासूनच लिहायला बसले आहे. ताई ओरडतील. काय करू, ते आठवलं की अजूनही मला खुर्चीत बसवत नाही.

ताई आमच्या मालकीणबाई. कायद्याची मराठी पुस्तकं छापणारी ही रत्नागिरीतली संस्था त्यांच्या वडिलांनी काढली. ते कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहून देत. रोज तेच ते प्रश्न ऐकून त्यांनी कुळकायद्यावर एक पुस्तिका छापली आणि ती चांगली खपली. मग एके दिवशी एक कूळ आणि त्याचाच जमीनमालक, दोघंही ती पुस्तिका घेऊन त्यांचे आभार मानायला आले. पुस्तकात आपल्याच बाजूने लिहिलंय अशी दोघांची खात्री! दोघं गेले आणि ताईंच्या वडिलांनी उरलेल्या प्रती विकणं बंद केलं.

तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे. ज्या विषयावर पुस्तक, त्याच विषयावर भांडणाऱ्या दोन्ही बाजूंना ते छपाईआधी वाचून दाखवायचं. वकिलाकडे जाण्याआधी चहाबरोबर कायदा ऐकायला मिळतो, म्हणून लोक हौसेने येतात. दोघंही खुशीत उठले तर पुस्तक नापास. मग लेखकाला आणखी एक वाचन मिळतं. तेही फसलं तर हस्तलिखित कपाटात. त्या कपाटात नावाजलेल्या वकिलांचीसुद्धा हस्तलिखितं आहेत.

माझे बाबा पावसजवळच्या एका आंबाबागेत राखणदार. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिलीच. जिल्हा परिषदेच्या शाळेतून कायद्याच्या वर्गापर्यंत पोचले ती कितीतरी लोकांच्या आधाराने. ताईंनी मला मुद्रितं तपासायला ठेवून घेतलं आणि एक दिवस सहज म्हणाल्या, "वाटेच्या हक्कावर तूच लिही." पुस्तकावर माझं नाव येणार होतं, मधे बाबांचं. ते कपाटात जाऊन चालणार नव्हतं.

पहिल्या वाचनाला दोन शेजारी आले. एकाची आंब्याची बाग, दुसऱ्याचं घर बागेच्या मागे. घरवाल्याची वाट बागेतून जात होती आणि बागवाल्याने त्या वाटेवर चिऱ्यांचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, घातला होता.

मी घसा खाकरून वाचू लागले. वीस वर्षं अखंड, उघडपणे वाट वापरली की हक्क तयार होतो, इथवर आले तोच घरवाल्याने मांडीवर थाप मारली.

"ऐकलंस मेल्या? पाड तो गडगा!"

पुढच्या पानावर, परवानगीने केलेल्या वापरातून हक्क तयार होत नाही, असं होतं. आता बागवाला उठून उभा राहिला.

"आनि हे काय मग? माज्या पोरग्यानं मुंबयसून मोबायलवर हेच धाडलान होतं. वा गो बाय, झ्याक लिवलंस!"

दोघं हसत हसत चहा प्यायले. मला मात्र रडू येत होतं. ते गेल्यावर ताई एवढंच म्हणाल्या, "कायदा बरोबर लिहिलायस. पण प्रत्येकाला आपापलं पान घेऊन घरी जाता येतंय."

त्या एका वाक्याचे उपकार मी विसरणार नाही. मी पहिलं प्रकरण फाडलं आणि नव्याने लिहिलं. दोन पानांवर विखुरलेलं सगळं एका प्रश्नात आणलं.

दुसऱ्या वाचनाला तेच दोघं आले, तेच हसरे चेहरे. मी वाचलं, "ही वाट तुम्ही मालकाला विचारून वापरत होता, की न विचारता, हक्काने? वीस वर्षं मोजायची ती हे ठरल्यावर. आणि ते सिद्ध कोण करणार?"

दोघांनी हातातले कप खाली ठेवले.

"तुज्या बापसानं माज्या आजाला इचारलान होतं," बागवाला म्हणाला.

"कदी इचारलान? साक्षीला कोन हाय?"

"तुज्याकडं तरी कोन हाय, तो न इचारता जायचा म्हनून सांगनारा?"

घरवाल्याने माझ्याकडे पाहिलं. "बाय, ता परत वाच."

मी परत वाचलं. दोघंही पुढे वाकून ऐकत होते. चहावर साय धरली.

"म्हंजे माजा दावा नक्की नाय?" घरवाला हळू आवाजात म्हणाला.

"माजा गडगा तरी कुटं नक्की हाय," बागवाल्याने उसासा टाकला.

ताईंनी तिथेच फोन उचलला आणि मिरजोळ्याच्या छापखान्याला सांगितलं, "मुलीचं पुस्तक घ्या छपाईला."

मी धावत बाहेर आले आणि बाबांना फोन लावला. त्या दोघांना बाबा ओळखत होते.

"बाबा, झालं! झालं वाचन!"

"कोन जितला?"

"कोणीच नाही! दोघंही तोंड पाडून बसलेत!"

"मग तू एवडी हसतेस कशाला गो?"