लोकरीची दाढी

स्टोअररूम आवरताना आज काळ्या कार्डबोर्डची उंच टोपी हाती लागली.

सिंगापूरला, बिशान भागात राहायचो तेव्हाची. गणपतीतल्या वेशभूषा स्पर्धेत माझी छोटी रेवा गुलामांना मुक्त करणारा अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाली होती. टोपी आणि लोकरीची दाढी आमच्याकडे कामाला असलेल्या सीतीने केली होती. टाळ्या घेऊन रेवा स्टेजवरून उतरली, तर सीती कोपऱ्यात आमच्या पिशव्या सांभाळत उभी.

“आंटी, टुडे संडे, लाह! युअर ऑफ डे, नो?” रेवाने तिला तिथल्या सिंगापुरी इंग्रजीतच विचारलं.

मी तोंड उघडण्याआधी सीती हसून म्हणाली, “मॅम आस्क मी, बेबी. आय से ओके.”

रेवाने खूश होऊन मला मिठी मारली. दाढी गालाला टोचत राहिली.

मी सीतीला विचारलंच नव्हतं.